शनिवार-रविवारची पुडी

वाशी, नवी मुंबई
६ जानेवारी १९८३

ती. भाऊजींना अरुणाचा सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. रागवायचंच असेल तर तुमच्या धाकट्या भावावर रागवा. "दादाला कळवू नको, उगाच टेन्शन घेईल," असं म्हणून त्यांनी मला पंधरा दिवस अडवून धरलं. आज ते फर्स्ट शिफ्टला गेलेत आणि जाई शाळेत, म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

नाताळाच्या आधी कंपनीत टाकीचा जिना चढताना ह्यांना धाप लागली ती बसेचना. खाडीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात दहा दिवस होते. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक झडप आकसली आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, हो, बारा वर्षांचा होतो. त्याच तापाने झडप धरली म्हणे. ऑपरेशनला नंबर लावलाय, पण वर्ष तरी जाईल. तोवर गोळ्यांवर काढायचं.

गोळ्या दोन. एक लघवीची, ती रोज. दुसरी हृदयाची, एवढीशी, हातातून पडली तर फरशीवर शोधत बसावं लागतं. ती सोमवार ते शुक्रवार घ्यायची, शनिवार-रविवार बंद. ह्यांना त्याची भारी गंमत. "मला कंपनीत आठवड्याला एक सुट्टी आणि माझ्या गोळीला दोन! तिची युनियन तगडी दिसते."

ते हसतात, पण शनिवार उजाडला की माझा जीव टांगणीला लागतो. पाच दिवस गोळीची राखण आणि दोन दिवस हृदय उघडं, हे कसं? विचारणार होते, पण डॉक्टरांपुढे रांग इतकी की तोंड उघडायच्या आत पुढचा पेशंट स्टुलावर बसलेला असतो. तुम्ही झाडपाल्यातले जाणकार. त्या दोन दिवसांपुरतं काही असेल तर कळवा. थोरल्या जाऊबाईंना घाबरवू नका. त्यांनी ह्यांना पोटच्या पोरासारखं वाढवलंय.

आपली,
अरुणा

*

ताम्हणवाडी, ता. महाड, जि. रायगड
१५ जानेवारी १९८३

चि. सौ. अरुणास देवजीचा जयभीम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. भागीरथीला तापाचं वाक्य गाळून वाचून दाखवलं.

त्या तापात सितारामाला औषध मीच केलं होतं. निर्गुडीचा पाला बांधून एकवीस दिवस शेक दिला. सूज उतरली, ताप गेला, पोरगं नदीवर पोहायला लागलं, आणि मी गावभर सांगत सुटलो की महाडच्या दवाखान्याची पायरी न चढता भाऊ बरा केला. आता चोवीस वर्षांनी तुझा डॉक्टर सांगतो की ताप गेला नव्हता, सांध्यांतून उठून हृदयात जाऊन बसला होता. पत्र आल्यापासून माझं ताट तसंच परत जातंय.

आता माझ्याकडून जे होईल ते मी करणार. तुर्भ्याला कामाला असलेल्या पोपटच्या हाती पुड्या धाडल्या आहेत. अर्जुनसादड्याची साल आहे. नदीकाठच्या झाडाची, उगवतीच्या अंगाची, सावलीत वाळवलेली. कुटून वस्त्रगाळ भागीरथीने केली. हृदयाला यासारखं दुसरं औषध नाही. सोबत चवीपुरतं ज्येष्ठमध. शनिवारी एक पुडी, रविवारी एक, दुधात उकळून.

गोळी मात्र सोडायची नाही. मी काही कोणी अडाणी वैदू नाही, पस्तीस वर्षं शाळामास्तर होतो. डॉक्टरचे पाच दिवस डॉक्टरला आणि माझे दोन मला. असे सातही दिवस पहारा राहील. झाडाने कुणाचं वाईट केलेलं मी पाहिलं नाही.

तुझा,
देवजी

*

वाशी
२० फेब्रुवारी १९८३

ती. भाऊजींना सप्रेम जयभीम.

पुड्या मिळाल्या. आपल्या भावाला मात्र तुम्ही लाडावून ठेवलंय. पहिला घोट घेतला आणि तोंड असं केलं की जाई हसून हसून लोळली. "आपल्याला नाय जमणार. दरवाजाचं लाकूड चाटल्यासारखं लागतं." चव तुरट आहे खरी. मग मी सेक्टरातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून ज्येष्ठमध आणलं आणि एका पुडीला दोन चमचे घातलं. आता लहान मुलासारखे मागून पितात. एवढं घातलं तर चालतं ना?

फरक आहे हो! परवा दुसऱ्या मजल्यावर सुंदराबाईंकडे न थांबता चढून गेले. गोळीने की पुडीने, कोण जाणे.

एक गोष्ट लिहू का? गेल्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही औषध घेता का? मी नाही म्हणाले. आमच्या पुढे एक म्हातारी होती, तिच्या पिशवीत कसला तरी काढा निघाला. डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्ही लोक कधी सुधारणार?" ती बिचारी जमीन बघत उभी. ते "तुम्ही लोक" मला टोचलं. मी मॅट्रिक पास, बालवाडी चालवते. आपल्याला अडाणी म्हणायला जगाला निमित्तच हवं असतं, ते मी कशाला देऊ? हे बाहेर आल्यावर म्हणाले, "बरं केलंस."

आपली,
अरुणा

*

ताम्हणवाडी
२ मार्च १९८३

चि. सौ. अरुणास जयभीम.

डॉक्टरला नाही सांगितलंस ते योग्यच केलंस. त्यांना आपलं शास्त्र कळत नाही आणि कळून घ्यायचंही नसतं.

ज्येष्ठमध हवं तेवढं घाल. लहान पोराला खोकल्यावर चोखायला देतात ती वस्तू. ज्येष्ठमधाने कुणी मेल्याचं ऐकलंयस? तो दुसरा मजला चढला हे भागीरथीला दोनदा वाचून दाखवावं लागलं. सालीचा दुसरा घाणा कुटायला घेतला आहे.

देवजी

*

वाशी
१८ एप्रिल १९८३

ती. दादास सितारामचा जयभीम.

हे पत्र कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बसून लिहितोय. उत्तर घरी पाठवू नकोस, कंपनीच्या पत्त्यावर पाठव. अरुणाला यातलं काही ठाऊक नाही. ती आधीच माझ्या श्वासांवर कान लावून असते.

दादा, जेवण नको झालंय. डबा उघडला की पोटात ढवळतं. डब्यातलं मी मित्रांना वाटून टाकतो आणि घरी रिकामा डबा नेतो. ती खूश होते. दुसरी गोष्ट, सगळं पिवळं दिसतं. ट्यूबलाइट पिवळी, जाईचा शाळेचा पांढरा शर्ट पिवळा. मीठवाल्यांच्या आगरात मिठाचे ढीग असतात ना, बसमधून जाताना ते मला हळदीचे दिसतात. पहिल्यांदा मी डोळे चोळले. आता महिना होत आला. छातीत मध्येच एक ठोका चुकतो आणि मग दोन भरभर येतात.

डॉक्टरांची तारीख मेमध्ये आहे. आधी गेलो तर ऑपरेशनचा नंबर पुढे ढकलतील अशी भीती वाटते. हे तुझ्या औषधात बसत असेल तर सांग. तुझ्यावर माझा पहिल्यापासून भरवसा आहे.

सिताराम

*

ताम्हणवाडी
२५ एप्रिल १९८३

चि. सितारामास आशीर्वाद.

घाबरू नकोस. पिवळं दिसणं, अन्न नकोसं होणं, ही कावीळ. मोठ्या शहरातलं पाणीच तसलं. कावीळ पुरती बळावण्याआधीच तू कळवलंस हे बरं झालं. कुणी गळ्यात माळ घाल म्हणेल, डोक्यावरून पाणी उतरव म्हणेल, तसलं काही करायचं नाही. त्यातून आपण बाहेर पडलो आहोत. तेल बंद, ताकभात खायचा, मुळ्याच्या पाल्याचा रस घ्यायचा.

कावीळ अंगातली ताकद ओढते, म्हणून हृदयाला आधार वाढवायला हवा. पुडी आता शनिवार-रविवार नको, रोज घे, सकाळ-दुपार-संध्याकाळ. ज्येष्ठमधही वाढव, त्याने पित्त बसेल. गोळ्या चुकवू नकोस. पोपटच्या हाती महिन्याचा माल धाडतो. अरुणाला सांग की दादाने ताकदीसाठी वाढवून दिलंय, म्हणजे ती प्रश्न विचारणार नाही.

देवजी

*

ताम्हणवाडी
१२ जून १९८३

चि. अरुणास देवजीचा जयभीम.

तुझ्या दारातून परत येऊन आज दहा दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक होते, भन्ते होते, जाई माझ्या मांडीवरून उठत नव्हती. तेव्हा विचारता आलं नाही. पत्रात विचारतो.

हॉस्पिटलातून त्याला आणायच्या आधी डॉक्टरांनी तुला खोलीत बोलावून दार लावून घेतलं होतं, हे पोपटने मला सांगितलं. काय म्हणाले? वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ऑपरेशनचा नंबर लागलेला असताना माणूस असा सकाळी जातो काय आणि दुपारी संपतो काय?

मी त्याला बारा वर्षांचा असताना मारला आणि आत्ता कुठे त्याचा जीव गेला, हे मला कळतं. पण माझ्या पुडीने काही दिवस तरी वाढवून दिले का? एवढंच कळव. भागीरथी काही विचारत नाही. त्याचा शाळेतला कंदील पुसत बसते.

देवजी

*

वाशी
२२ जून १९८३

ती. भाऊजींना जयभीम.

डॉक्टर म्हणाले, झडप फार आकसली होती. नंबर आधी लागला असता तरी भरवसा नव्हता. कुणाची चूक नाही. तुमच्या पुडीचं मी शेवटी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, त्याने बरंच झालं असेल, नाहीतर एवढेही दिवस मिळाले नसते.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जाऊबाईंना जपा. कंपनीने मला पॅकिंगमध्ये घेण्याचं कबूल केलं आहे. जाईला सकाळी सुंदराबाईंकडे ठेवते.

आपली,
अरुणा

*

ताम्हणवाडी
४ फेब्रुवारी १९८४

चि. अरुणास देवजीचा जयभीम.

तू पत्र पाठवत नाहीस. कामावरून दमून येत असशील, म्हणून मी तक्रार करत नाही. तुझं जूनचं पत्र मी पाकिटासकट जपून ठेवलं आहे. खरं सांगतो, त्या पत्राने मला जगवलं. विहिरीच्या काठावर जाऊन बसण्याचे दिवस होते ते. मग वाटलं, भावाला जे चार महिने मिळाले ते दुसऱ्यांनाही मिळावेत. आता पुडी मी फुकट वाटतो. सिताराम चूर्ण असं नाव ठेवलंय. ज्येष्ठमध तुझ्या प्रमाणात घालतो, त्यामुळे लोक कुरकुर न करता घेतात.

आता वाईट बातमी. भागीरथीच्या पायांवर सूज आली, दम लागायला लागला. तिला महाडला नेलं. हृदय मोठं झालंय म्हणाले. योगायोग बघ, गोळ्या त्याच दोन. लघवीची आणि ती एवढीशी. आणि सुट्टीही तीच, शनिवार-रविवार! या खेपेला मी चूक करणार नाही असं ठरवलं. सितारामाला पूर्ण मात्रा उशिरा सुरू केली, एप्रिलात. हिला पहिल्या दिवसापासून रोज तीन पुड्या देतो आहे. तीन आठवडे झाले. सूज थोडी उतरली आहे. जेवण नको म्हणते आणि मळमळतं म्हणते, पण ते तिचं नेहमीचंच.

जाईला पापा.

देवजी

*

तार
वाशी, ८ फेब्रुवारी १९८४

भागीरथीची पुडी ताबडतोब बंद करा. गोळीही घेऊ नका. आजच महाडला डॉक्टरकडे न्या. पुडीत ज्येष्ठमध आहे ते सांगा. लपवू नका. अरुणा

*

वाशी
८ फेब्रुवारी १९८४

ती. भाऊजी,

तार हातात पडली असेल आणि तुम्ही तसं केलं असेल असं धरून लिहिते. केलं नसेल तर हे वाचणं सोडा आणि आधी जाऊबाईंना उठवून एस.टी.त बसवा.

जूनमध्ये मी तुम्हाला खोटं लिहिलं.

त्या दिवशी सकाळी ह्यांना कामावर चक्कर आली. दहा वाजता वॉर्डात नेलं. ठोका कसाही पडत होता. डॉक्टरांनी मशीनवर हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली आणि ह्यांना विचारलं, पिवळं दिसतं का? मी म्हटलं, छे, काहीतरीच. आणि हे म्हणाले, "दिसतं. दोन महिने." मग डॉक्टर माझ्याकडे वळले. बाहेरचं काही देता का? भाऊजी, मी नाही म्हणाले. शेजारच्या खाटांवरची माणसं ऐकत होती. ती म्हातारी माझ्या डोळ्यांपुढे आली. हेही काही बोलले नाहीत, माझ्याकडे बघून गप्प राहिले. मी मान खाली घालू नये म्हणून गप्प राहिले असतील.

एक वाजता मी सांगितलं. सवा तीनला ते गेले.

नंतर दार लावून डॉक्टरांनी मला समजावलं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. ती एवढीशी गोळी फार थोड्या मापात औषध आहे, जरा जास्त झाली की विष. ती अंगात साठत जाते, म्हणून दोन दिवस सुट्टी. ते दोन दिवस रिकामे नव्हते, भाऊजी. ते औषधाचेच दिवस होते. आपल्याला वाटलं, पहारेकरी घरी गेला. रोजच्या ज्येष्ठमधाने रक्तातला एक क्षार उतरतो, लघवीच्या गोळीनेही तोच उतरतो, आणि तो उतरला की ती गोळी हृदयावरच उलटते. मळमळ, पिवळं दिसणं, ठोका चुकणं ही त्याची खूण. कावीळ नव्हती. आणि ते म्हणाले, ही गोळीसुद्धा एका झाडाच्या पानातूनच निघाली. मला तेव्हा तुमचं झाडाबद्दलचं वाक्य आठवलं आणि मी वेड्यासारखी हसले.

तुमचं कावीळवालं पत्र मला ह्यांच्या कंपनीच्या कपाटात सापडलं. म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही विहिरीवर गेला असतात हे मला पत्राशिवायही कळत होतं. पण फक्त तुमच्यासाठी लपवलं असं म्हणाले तर तेही खोटं होईल. साल तुमची होती, ज्येष्ठमध माझं होतं. चमचा माझ्या हातात होता. कंपनीत रसायनांची कुठली दोन पिंपं शेजारी ठेवायची नाहीत हे नवीन पोरांना शिकवणारा माणूस, त्याने घरात मी देईन ते न विचारता प्यायलं. कुणाची चूक नाही असं लिहिलं तेव्हा मी स्वतःलाच सोडवत होते. आणि माझ्या त्या एका पत्रामुळे तुम्ही जाऊबाईंना रोज तीन पुड्या दिल्यात.

ज्यांना ज्यांना पुडी दिली त्यांच्या घरी जा. कुणाला ती गोळी चालू आहे का विचारा. मला शिव्या द्या, पण आधी घरोघर जा.

अरुणा

*

ताम्हणवाडी
१ मार्च १९८४

चि. अरुणास.

तार नऊ तारखेला दुपारी मिळाली. चारच्या एस.टी.ने भागीरथीला नेलं. मी डॉक्टरपुढे पुडी ठेवली आणि सगळं सांगितलं. ते मला बरंच बोलले. मी उभ्याने ऐकून घेतलं. तिला अठरा दिवस ठेवून घेतलं होतं. वाचली. परवा घरी आणली.

एकोणीस घरी पुडी गेली होती. सगळीकडे जाऊन आलो. गोळी चालू असलेला एकच निघाला, खालच्या आळीतला मारोती. त्याला पुडी आवडली नव्हती, म्हणून त्याने ती फेकली होती. त्याने माझी माफी मागितली. औषध वाया घालवलं म्हणून.

तुझं पत्र तिथे दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं. शिव्या देत नाही. तुझ्या वाट्याचं तुझ्यापाशी आणि माझ्या वाट्याचं माझ्यापाशी, वाटून काही कमी होत नाही. आधी मी त्याला अडाणीपणाने मारलं असं समजत होतो. आता कळलं की दुसऱ्यांदा मायेने मारलं. विहिरीचं विचारू नकोस. भागीरथीला पाणी कोण देईल, एवढ्यासाठी घरात आहे.

आता खरं कारण लिहितो. ती बरी झाली आहे आणि रोज विचारते. काल म्हणाली, "माजं औषीद का बंद केलंव? मी सोता कुटलेलं हाय. सितारामला तर चालत व्हतं, मंग मला काय झालं?" मी म्हटलं, डॉक्टरने सांगितलंय. ती म्हणाली, "डाक्टरला काय कळतंय? अरुनाच्या पत्रात व्हतं ना, तेच्यामुळं पोराला दिवस मिळाले म्हणून." तुझं जूनचं पत्र तिला तोंडपाठ आहे. मीच रोज वाचून दाखवायचो.

तिने त्याला सहा महिन्यांचा असल्यापासून वाढवला. ज्या हातांनी भरवलं त्याच हातांनी ते कुटलं, हे मी तिला सांगणार नाही. पण काहीतरी सांगावं लागेल आणि ते तिला पटावं लागेल. मी पस्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, मला खोटं रचता येत नाही. तुला येतं. तिच्या नावाने एक पत्र लिही. मी वाचून दाखवीन.

देवजी